कड्यावरच्या काचेच्या इमारती मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार.

हे पत्र निसर्गरम्य जागांवर बांधकामाला परवानगी देणाऱ्या प्राधिकरणांसाठी आहे, तिथल्या इमारती डिझाइन करणाऱ्या आर्किटेक्टसाठी आहे, आणि माझ्याच लाइनमधल्या इंजिनियर मंडळींसाठी पण आहे, कारण एका इमारतीवर आपण सगळे काम करतो पण एकाच टेबलावर एकाच वेळी फार क्वचित बसतो.

मी फसाडचं काम करते. म्हणजे इमारतीचं बाहेरचं कवच, काच, तिच्या मागचं स्टील, आणि त्या दोघांच्या मधलं रबर न सिलिकॉन, जे कुणाच्या फोटोत येत नाही पण पाऊस अडवायचं काम तेच करतं. धबधब्यासमोर, कड्याच्या टोकावर, समुद्रात घुसलेल्या खडकावर आता एक ठराविक प्रकारची इमारत सगळीकडे मागितली जाते, तिरके त्रिकोणी पैलू, स्टीलची जाळी, सगळीकडून काच, आत शिरलं की समोर सगळा देखावा. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पाऊस वारा चालू असताना म्हाताऱ्या माणसांना, व्हीलचेअरवरच्यांना, तान्ही बाळं घेऊन आलेल्या आयांना पण तो कडा कोरड्या जागेत बसून बघता यावा, याहून चांगलं काम कुठलं असेल. त्यामुळे काच नको असं मी म्हणणार नाहीये. मी फक्त एवढंच मागतेय की आकार पक्का करायच्या आधी हे ठरवा की त्या इमारतीतल्या सगळ्यात अवघड काचेपर्यंत माणूस कसा पोचणार, ती काढणार कशी आणि नवीन बसवणार कशी. हे आधी ठरलं ना, तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप समोर येतात आणि सुटतात पण.

आत्ता होतं काय, आधी स्पर्धा होते किंवा प्रेझेंटेशन होतं, त्यात संध्याकाळच्या उजेडात चमकणारं एक रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं इमारतीचं चित्र असतं, समिती खूश होते, पेपरात छापून येतं, आणि मग त्या आकाराला कुणी हात लावायचा नाही असं ठरतं. इंजिनियर त्यानंतर येतो. त्याला सांगतात की हे असंच उभं करून दाखव. उभं करता येतं हो, आजकाल जवळपास काहीही उभं करता येतं, पण मग जे प्रश्न आकार थोडा इकडे तिकडे करून फुकटात सुटले असते ते स्टील जाड करून, सिलिकॉन थापून आणि शेवटी मेंटेनन्सवाल्याच्या गळ्यात घालून सोडवले जातात.

आधी चांगलं उदाहरण सांगते. पॅरिसमधल्या लूव्र म्युझियमच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड, आर्किटेक्ट आय. एम. पेई यांचा, 1989 चा. त्याची उंची साधारण 21.6 मीटर, आणि तो उभा राहायच्या आधी त्याला प्रचंड विरोध झाला होता. पेईंचा हट्ट असा की काचेतून पलीकडचा जुना राजवाडा त्याच्या खऱ्या रंगात दिसला पाहिजे. नेहमीच्या काचेत लोहाचा अंश असतो त्यामुळे जाड काच हिरवट दिसते, आणि ती तिरकी बघितली की अजूनच हिरवी. म्हणून तिथे कमी लोह असलेली काच मुद्दाम तयार करून घेतली. म्हणजे त्यांनी समोर काय दिसायला हवं ते आधी ठरवलं आणि त्यासाठी काच शोधली. निसर्गस्थळी तर हे जास्तच लागू होतं ना, समोरचा बर्फ किंवा समुद्र हिरवट फिल्टरमधून दाखवायचा असेल तर आतल्या माणसाला बाहेर उभं करा, तेच बरं.

आता पैलूंकडे येऊ. त्रिकोणच का, तर तीन बिंदू नेहमी एका सपाट पातळीत असतात, त्यामुळे कितीही वेडावाकडा आकार असला तरी तो त्रिकोणांत तोडला की प्रत्येक काच सपाट राहते. चौकोन घेतला तर चौथा कोपरा पातळीच्या बाहेर जाऊ शकतो, मग काच वाकवा नाहीतर आकार बदला. शिवाय त्रिकोणी जाळी स्वतःच ताठ असते, तिला वेगळ्या कर्णाची गरज नाही. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच डिझाइनवाल्यांना त्रिकोण आवडतो. पण त्याची किंमत सांध्यावर मोजावी लागते. चौकोनी जाळीत एका नोडला, म्हणजे सळ्या जिथे मिळतात त्या सांध्याला, चार सळ्या येतात, त्रिकोणी जाळीत सहा. सहा वेगवेगळ्या दिशांनी, सहा वेगवेगळ्या कोनांत, आणि प्रत्येकीच्या डोक्यावरची गॅस्केटची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबराची पट्टी त्या एका ठिकाणी येऊन मिळते. पाणी कुठून शिरतं असं मला विचाराल तर मी सरळ त्या नोडवर बोट ठेवेन, काचेच्या मधोमध कधीच गळत नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टचं छत 2000 साली खुलं झालं, त्यात 3,312 त्रिकोणी काचा आहेत, आणि मापं इतकी वेगवेगळी की कुठली काच कुठे जाणार याचा हिशोब हाच एक वेगळा प्रकल्प. ते काम उत्तम झालं कारण भूमिती, स्टील आणि काच एकत्रच सोडवली गेली. आणि लक्षात घ्या, ते छत चारी बाजूंनी दगडी इमारतींच्या मध्ये, शहरात, पोचायला सोप्या जागी आहे. तोच प्रकार कड्यावर न्यायचा तर वारा, मीठ, बर्फ, धुकं आणि एकच अरुंद घाटरस्ता हे सगळं वाढतं.

वाऱ्याचं गणित साधं आहे पण समितीला ते क्वचितच कुणी सांगतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला 25 मीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 39 किलोचा जोर लावतो, तोच 50 मीटर झाला की साधारण 156 किलो. आणि कड्यावर, डोंगराच्या धारेवर वारा वर चढताना दाटतो आणि त्याचा वेग वाढतो, म्हणजे जवळच्या सपाटीवरच्या हवामान केंद्राचा आकडा उचलून चालत नाही. त्यात पैलूदार इमारतीला धारा खूप, कोपरे खूप, आणि वारा जिथे धारेवरून सुटतो तिथे तो काचेला आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ही ओढ मधल्या भागापेक्षा कोपऱ्यात कितीतरी जास्त असते. म्हणून विंड टनेलची टेस्ट, म्हणजे बोगद्यात छोट्या मॉडेलवर वारा सोडून बघायची चाचणी, आकार ठरायच्या आधी करा असं माझं म्हणणं आहे, आणि मॉडेलमध्ये फक्त इमारत ठेवू नका, आजूबाजूचा कडा न दरी पण ठेवा. आकार ठरल्यावर केलेली टेस्ट फक्त किती जाड काच लावायची एवढंच सांगते. आधी केलेली टेस्ट हे सांगते की हा एक कोपरा दहा अंश फिरवला तर इतकी जाड काच लागणारच नाही.

आणि पाऊस. ड्रॉइंगमध्ये पाऊस वरून खाली पडतो. कड्यावर तो खालून वर येतो. दरीतून वर चढणारा वारा पाऊस घेऊन येतो, धबधब्याजवळ तर तुषार दिवसभर वर उडत असतात, आणि आपल्या सगळ्या गॅस्केटचे ओठ, निचऱ्याची भोकं, पत्र्याच्या झालरी या पाणी खाली वाहणार असं धरून बनवलेल्या असतात. मग पाणी निचऱ्याच्या भोकातूनच आत शिरतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काम ड्रॉइंगप्रमाणे झालंय, कन्सल्टंट म्हणतो डिटेल स्टँडर्ड आहे, दोघंही खरं बोलत असतात, आणि खाली बादली ठेवलेली असते. याला उपाय आहेत, दाब समान करणाऱ्या पोकळ्या, निचऱ्याच्या तोंडाला आडोसा, सांध्याच्या मागे दुसरी पाणी अडवणारी ओळ, पण त्यासाठी फ्रेमच्या आत जागा लागते, आणि बारीक नाजूक फ्रेम दाखवणारं रेंडर आधीच मंजूर झालेलं असेल तर ती जागा आणायची कुठून.

उंचीवरच्या जागांसाठी अजून एक गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. डबल ग्लेझिंगच्या दोन काचांमधली पोकळी कारखान्यात सील होते, म्हणजे कारखान्यातल्या हवेचा दाब त्यात बंद होतो. समुद्रसपाटीला तो साधारण 1013 हेक्टोपास्कल असतो आणि 2000 मीटर उंचीवर बाहेरचा दाब साधारण 795. खाली बनवलेलं युनिट वर नेलं की आतली हवा काचा बाहेर फुगवते. मोठी काच थोडी वाकून तो ताण सोडून देते. लहान काच वाकत नाही, ताठ राहते, आणि ताण काचेत न कडेच्या सीलमध्ये बसतो. आता बघा, पैलूदार इमारतीत काचा लहान, त्यात त्रिकोणी, त्यात एखादा कोपरा अगदी टोकदार. म्हणजे जो आकार आपण निवडलाय त्यालाच याचा त्रास सगळ्यात जास्त. उपाय माहितीतला आहे, पोकळीला बारीक नळी ठेवून जागेवर दाब सारखा करतात किंवा युनिट बनवतानाच उंचीचा हिशोब धरतात, पण ते टेंडरमध्ये लिहिलेलं लागतं, आणि काच बनवणाऱ्याला साइट किती उंचीवर आहे हे कुणीतरी सांगितलेलं लागतं! मी अशी टेंडरं वाचली आहेत ज्यात काचेचा रंग चार ओळींत वर्णन केलाय आणि साइटची उंची कुठेच नाही.

टोकदार कोपऱ्यांबद्दल पण इथेच सांगून टाकते. काच टफन करताना ती भट्टीत 600 अंशांच्या वर तापवून झपाट्याने गार करतात, बाहेरचा थर दाबात आणि आतला ताणात जातो, म्हणून ती ताकदवान होते. सुईसारखा कोपरा असला की तो बाकीच्या काचेपेक्षा वेगळ्या वेगाने तापतो न गार होतो, तिथे तडे जातात, उचलताना टवका उडतो. पैलू ठरवताना असे अगदी अरुंद कोन टाळले तर दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. मॉडेलमध्ये दोन बिंदू थोडे सरकवायचे असतात बस.

एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. म्हणजे साइटवर माप पाच मिलिमीटर चुकलं की ती काच गेली, नवीन मागवा. आणि टफन्ड काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहिला असेल तर तो हळूहळू फुगतो आणि काच महिन्यांनी, कधी वर्षांनी, कुणी हात न लावता फुटते. त्यावर हीट सोक टेस्ट असते, काचा परत साधारण 260 ते 290 अंशांवर तापवून ठेवतात, ज्या फुटायच्या त्या कारखान्यातच फुटतात. तरी शंभर टक्के खात्री कुणी देऊ नये. म्हणून माणसांच्या डोक्यावर किंवा तिरकी येणारी प्रत्येक काच लॅमिनेटेडच हवी, दोन काचांच्या मध्ये चिकट थर, म्हणजे फुटली तरी जागेवर टिकून राहते. पैलूदार इमारतीत भिंत कुठे संपते न छत कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही, त्यामुळे मी म्हणते सगळीच लॅमिनेटेड धरा आणि बजेट त्यावर बांधा. वजन पण त्याच हिशोबाने, एक मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते, मग आठ, आठ आणि सहा मिलिमीटरच्या काचांचं युनिट झालं चौरस मीटरला 55 किलो, स्टील सोडून.

बॉस्टनचा जॉन हॅनकॉक टॉवर आठवा, ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर माहिती काढा. 1973 च्या सुरुवातीला वादळी वाऱ्यात त्याच्या काचा फुटून पडायला लागल्या, रिकाम्या जागी प्लायवूड ठोकावं लागलं, आणि शेवटी सगळ्याच्या सगळ्या 10,344 काचा बदलल्या. कारण काय निघालं तर दोन काचांच्या मधली कडेची जोडणी फार कडक होती, शिशाच्या सोल्डरची, तिला हलायला जागा नव्हती, वाऱ्याने न तापमानाने ती थकली आणि तडा तिथून सुरू झाला. साठ मजल्यांची इमारत, नावाजलेले आर्किटेक्ट, आणि चूक काही मिलिमीटरच्या पट्टीत. एवढं होऊनही त्या काचा बदलता आल्या, कारण त्या आयताकृती आणि सारख्या होत्या. आता हीच वेळ अशा इमारतीवर आली जिथे प्रत्येक काचेचं माप वेगळं आणि निम्म्या काचा दरीच्या अंगाला, तर काय कराल याचं उत्तर तुमच्याकडे आज आहे का? मी खरंच विचारतेय.

स्टील आणि काच एकसारखे फुगत नाहीत हे पण धरायला लागतं. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर स्टील साधारण 12 मायक्रॉन वाढतं, काच 9, अॅल्युमिनियम 23 च्या आसपास. उन्हात तापलेलं आणि रात्री गारठलेलं स्टील यात 50 अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे 40 मीटर लांबीला 24 मिलिमीटरची हालचाल. ती कुठेतरी सोडावी लागते. खडकात घट्ट रोवलेल्या दोन टोकांच्या मध्ये ही जाळी अडकवली तर ती एकतर खडकातले अँकर हलवणार किंवा काचेला दाबणार. एक बाजू पक्की, एक बाजू सरकती, आणि प्रत्येक काचेच्या कडेला फ्रेममध्ये मोकळी जागा, एवढं केलं तर ती हालचाल कुणाला कळत पण नाही. खडकाबद्दल फार लिहीत नाही, तो विषय भूगर्भवाल्यांचा, पण त्याची तपासणी इमारतीच्या पायापुरती न करता खालच्या कड्याची पण करा, त्यातल्या भेगा कुठल्या दिशेने उतरतायत ते बघा, आणि वरून सोडलेलं सांडपाणी न पावसाचं पाणी त्या भेगांत जाणार नाही एवढं सांभाळा.

गंजाबद्दल मात्र लिहिते कारण समुद्रकाठी तोच खरा मालक असतो. लोकांना वाटतं पाऊस लागतो तिथे स्टील खराब होतं. उलट जिथे पाऊस धुऊन जातो तिथलं मीठ निघून जातं, आणि पैलूच्या खालच्या अंगाला, आत झुकलेल्या काचांच्या मागे, जिथे पाऊस कधीच पोचत नाही पण खारी हवा रोज पोचते, तिथे मीठ साठत राहतं आणि तिथूनच पोखरायला सुरुवात होते. म्हणजे पुन्हा आकाराचाच प्रश्न. 316 ग्रेडचं स्टेनलेस लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, न धुतलेल्या आडोशाला त्यावर पण तपकिरी डाग धरतात. आणि अॅल्युमिनियम, साधं स्टील, स्टेनलेस यांचा ओल्या मिठात थेट स्पर्श झाला की त्यातला कमकुवत धातू झिजतो, म्हणून मध्ये वॉशर, पॅड, जे काही वेगळं करणारं साहित्य असेल ते हवंच, आणि बसवणाऱ्या पोरांना ते का बसवायचं ते सांगितलेलं हवं, नाहीतर वॉशर खिशातच राहतात. कॅनडातला जास्परचा स्कायवॉक, म्हणजे कड्याबाहेर काढलेली काचेच्या तळाची वाट, 2014 चा, दरीच्या साधारण 280 मीटर वर, तिथे मुद्दाम असं स्टील वापरलंय ज्यावर गंजाचाच एक घट्ट थर तयार होतो आणि तोच पुढचा गंज अडवतो, शिवाय रंग आजूबाजूच्या खडकाला जुळतो. कोरड्या थंड डोंगरी हवेत ते छान चालतं. समुद्राच्या कड्यावर तेच स्टील उचलून लावलं तर तो थर नीट धरतच नाही. म्हणजे फोटो बघून साहित्य निवडू नका, हवा बघून निवडा.

आता उजेड. पैलूदार काच चमकते म्हणून तर ती हवीशी वाटते, पण ती चमक कुठे जाऊन पडते? काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला एका पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के परत फिरतो, पण प्रकाश अगदी तिरका, 80 अंशांच्या आसपास आला की तोच जवळपास 40 टक्के होतो. सकाळ संध्याकाळचा सूर्य आणि तिरके पैलू मिळून दूरच्या रस्त्यावर, समोरच्या पायवाटेवर, पाण्यातल्या बोटींवर झोत पाठवू शकतात. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीटच्या इमारतीने 2013 मध्ये खाली रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळवले होते, तिची बाजू आत वळलेली होती म्हणून ऊन एका जागी गोळा झालं, आणि मग वर सनशेड लावायला लागले. सपाट पैलू तसे ऊन एकवटत नाहीत हे खरं, पण बरेच पैलू आतल्या बाजूला वळलेले असले की तोच प्रकार होऊ शकतो. वर्षभराच्या सूर्याचा अभ्यास कॉम्प्युटरवर आजकाल लवकर होतो. तो मंजुरीच्या कागदात मागा एवढंच.

पक्ष्यांचा विषय मला सगळ्यात जवळचा आहे. निसर्गस्थळ म्हणजे पक्ष्यांची जागा, बऱ्याचदा स्थलांतराच्या वाटेवरची. काचेत आभाळ दिसतं, झाडं दिसतात, आणि पक्षी सरळ त्यात घुसतो. शिकागोत तलावाकाठच्या मॅकॉर्मिक प्लेसच्या एका इमारतीवर ऑक्टोबर 2023 मध्ये एका रात्रीत जवळपास 1,000 पक्षी आपटून मेले. त्यानंतर 2024 मध्ये काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण साधारण 95 टक्क्यांनी उतरलं. न्यूयॉर्कच्या जॅव्हिट्स सेंटरमध्ये नूतनीकरण करताना ठिपके छापलेली, कमी परावर्तन करणारी काच घेतली, तिथेही असाच मोठा फरक पडला. म्हणजे उपाय आहे, सिद्ध झालेला आहे, आणि पहिल्या दिवसापासून काचेतच छापून घेतला तर वेगळी फिल्म लावायचा खर्च पण नाही. ठिपके माणसाला दोन पावलांवरून जाणवत पण नाहीत. मंडळी, ही एक गोष्ट तरी कुठल्याही प्रकल्पात पर्यायी ठेवू नका, अट म्हणून घाला. आणि रात्री दिवे मालवा. आत लख्ख दिवे असले की आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, आणि बाहेरचा अंधार, तारे सगळं जातं. ती इमारत रात्री कंदिलासारखी उजळलेली दाखवणारी जी चित्रं असतात ती मला बघवत नाहीत.

सगळीकडून काचच हवी हा हट्ट पण सोडता येतो. फ्लोरिडातलं सेंट पीटर्सबर्गचं दाली म्युझियम बघा, 2011 चं, पाण्याच्या काठावर, चक्रीवादळाच्या पट्ट्यात. त्याच्यावर 1,062 त्रिकोणी काचांचा एक मोठा फुगा आहे, वेडावाकडा, बघण्यासारखा. पण चित्रं ठेवलीयेत ती साधारण 45 सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या भिंतींच्या आत, वरच्या मजल्यावर, वादळाचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. काचेला उजेड न दृश्य द्यायचं काम दिलं आणि वादळाशी झुंजायचं मुख्य काम काँक्रीटला. ज्या दिशेला बघण्यासारखं आहे तिथे काच द्या, वारा न पाऊस ज्या अंगाने येतो तिथे भिंत द्या, पैलूदार आकार दोन्हीत चालतो. उलट मला तर वाटतं एका बाजूला भिंत असली की समोरचा देखावा जास्त भरून दिसतो.

साफसफाईचं कुणी विचारत नाही. लूव्रचा पिरॅमिड सुरुवातीला दोरांवरून चढणारे लोक पुसायचे, मग यंत्र आणावं लागलं. तो तर सपाट उताराचा. जिथे पैलू आत बाहेर आहेत, काही काच डोक्यावर झुकलेली आहे, तिथे दोरावरच्या माणसाला काचेपर्यंत पोचताच येत नाही, तो हवेत लटकत राहतो. त्याला पाय टेकवायला, स्वतःला ओढून घ्यायला स्टीलवर ठराविक अंतराने खुंट्या लागतात, आणि त्या आधीपासून नोडच्या डिझाइनमध्ये असाव्या लागतात, नंतर वेल्ड करायच्या म्हटलं की गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे स्टीलवरचा गंज अडवणारा जस्ताचा थर, जळतं. तुषारांच्या पाण्यात क्षार असतील तर काचेवर पांढरा थर बसतो, आणि वर उघडं काँक्रीट असेल तर त्यावरून ओघळणारं पाणी काच कायमची डागाळतं. जो देखावा दाखवायला एवढा खर्च केला तो दोन वर्षांत धुरकट दिसायला लागतो. ग्रँड कॅन्यनच्या स्कायवॉकवर काचेवर चरे पडू नयेत म्हणून बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावतात, तसा बारीकसारीक विचार कुणीतरी आधी केलेला लागतो.

काच वर नेणार कशी हाही प्रश्न आकाराचाच. घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावरून जेवढा ट्रक वळतो तेवढीच मोठी काच. क्रेन उभी करायला पक्की जागा लागते, आणि प्रकल्प संपल्यावर ती जागा सुशोभीकरण म्हणून लॉन लावून बुजवू नका, पुढे एक काच बदलायला तीच क्रेन परत तिथेच यायची आहे. जागाच नसेल तर काच दोन माणसांना हाताने आतून बदलता येईल एवढ्याच मापाची आणि वजनाची ठेवा, आतून उघडणाऱ्या पट्ट्या द्या. याला खर्च थोडा जास्त येतो, पुढे वर्षानुवर्षं तो वाचतो.

तर माझी मागणी. मंजुरीसाठी रेंडर घ्या, त्याच्यासोबत इमारतीच्या मॉडेलमधली प्रत्येक काच कुठल्या मार्गाने बदलली जाणार याचा कागद पण घ्या, आतून की दोरावरून की क्रेनने, कुठल्या हवामानात, किती माणसं, काच मागवल्यापासून येईपर्यंत मधल्या काळात त्या भोकाला काय लावणार. ज्या काचेपुढे उत्तर लिहिता येत नाही ती काच त्या जागी नको, तिथला आकार बदला. हे काम आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाला, फसाडवाला आणि पुढे ती इमारत सांभाळणारा माणूस अशा चौघांनी मिळून करायचंय, आणि चौथ्याला पहिल्या मीटिंगपासून बोलवा, तो आत्ता कुठेच नसतो. सगळ्या काचांची मापं, कोन, काचेवरच्या पातळ थराचा म्हणजे कोटिंगचा प्रकार, बनवणाऱ्याचा बॅच, हे सगळं प्राधिकरणाच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या, कॉन्ट्रॅक्टरच्या लॅपटॉपमध्ये नको, आणि सुटे तुकडे पहिल्या ऑर्डरमध्येच घ्या, निदान ज्या मापांची काच सगळ्यात अवघड आहे त्यांचे तरी, कारण कोटिंगची छटा नंतर जुळत नाही.

दुसरं, टेंडर काढायच्या आधी खऱ्या मापाचा एक पूर्ण नोड, त्याला आलेल्या सहाही सळ्या आणि त्यावरच्या काचा, एवढा तुकडा प्रयोगशाळेत पाण्याच्या माऱ्याखाली तपासाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तोच तुकडा साइटवर नेऊन कड्यावर उभा करा आणि एक पूर्ण वर्षाचं हवामान त्याच्यावरून जाऊ द्या. खालून येणारा पाऊस, मीठ, बर्फ, ऊन, पक्षी, सगळं. त्या वर्षात डिझाइनचं बाकीचं काम चालू राहू शकतं, वेळ वाया जात नाही. आणि समितीच्या लोकांनी तो बघायला स्वच्छ उन्हाच्या दिवशी येऊ नये, ज्या दिवशी रस्ता बंद करायची वेळ आलीये अशा हवेच्या आदल्या दिवशी या, हेल्मेट घालून त्याच्या आत उभे राहा, नोडच्या खाली हात धरा आणि हात ओला होतो का बघा. ओला झाला तर तेव्हा दुरुस्तीला एकच नोड असेल.

आपली,
काच आणि स्टीलवर मनापासून प्रेम करणारी एक फसाड इंजिनियर